शिळी तक्रार, नासकी तक्रार

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मोडतोडीची एक नोंदवही असेल. ‘तिसऱ्या टेबलावरचा बर्नर पेटत नाही’, ‘तराजूचा काटा अडकतो’ अशा नोंदी तीत होतात. समजा, ही वही साऱ्या जगासाठी उघडी ठेवली तर? कोणीही यावे आणि लिहावे! थोड्याच दिवसांत वह्यांचा ढीग लागेल. दुरुस्ती करणारे हात मात्र तेवढेच राहतील.

मुक्त आज्ञावलींच्या बाबतीत नेमके हेच घडते. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता व सुधारता येते, ती मुक्त आज्ञावली. ‘कुबरनेटिस’ ही त्यांपैकीच एक. अनेक संगणकांवर विखुरलेली कामे सांभाळणारी ही आज्ञावली गूगल कंपनीने २०१४ साली सर्वांना खुली केली. तिच्या नोंदवहीत दोष, शंका आणि सूचना सतत येत असतात.

आलेल्या नोंदींची प्रथम छाननी करावी लागते. तिला ‘ट्रायाज’ म्हणतात. हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ निवडणे. रणांगणावरच्या जखमींपैकी आधी कोणाकडे धावायचे, हे ठरवण्याला तो रूढ झाला. येथे पाहायचे ते असे: नोंद खऱ्या दोषाची आहे की गैरसमजाची? कोणत्या विभागाची? किती तातडीची?

यातले काही काम संगणकाला शिकवता येते. ‘फायरफॉक्स’ हा ब्राउझर तयार करणाऱ्या मोझिला संस्थेने मागील सुमारे १ लाख नोंदी संगणकापुढे ठेवल्या. कोणत्या शब्दांची नोंद कोणत्या विभागाकडे जाते, हे तो त्यांवरून ताडू लागला. २०१९ साली हा प्रयोग जाहीर झाला, तेव्हा त्याला एक अट होती. अंदाजाची खात्री ६० टक्क्यांहून कमी असली, तर त्याने गप्प बसायचे आणि नोंद माणसांवर सोडायची. मला तरी ही अट सर्वांत शहाणपणाची वाटते.

आता वहीच्या तळाशी साचलेल्या नोंदींकडे वळू. कुबरनेटिसमध्ये त्यांच्यासाठी एक ‘बॉट’, म्हणजे ठरावीक काम आपोआप करणारी छोटी आज्ञावली, नेमलेला आहे. एखाद्या नोंदीवर ९० दिवस काहीच हालचाल झाली नाही, की तो तिच्यावर ‘स्टेल’, म्हणजे शिळी, अशी चिठ्ठी डकवतो. आणखी ३० दिवस शांततेत गेले, की चिठ्ठी बदलून ‘रॉटन’, म्हणजे नासकी! त्यानंतरही ३० दिवस कोणी बोलले नाही, तर नोंद बंद. एकूण १५० दिवस झाले. मधल्या काळात कोणी ठरावीक आज्ञा लिहिली, तर नोंद पुन्हा ताजी होते. एखादी महत्त्वाची नोंद ‘फ्रोझन’ करून, जणू बर्फात घालून, टिकवताही येते. बंद झालेली नोंद पुसली जात नाही. ती वाचता येते आणि पुन्हा उघडताही येते.

पण बॉट मोजतो काय, हे लक्षात घ्या. तो दिवस मोजतो. दोष दुरुस्त झाला की नाही, हे त्याला ठाऊक नसते. तक्रार करणारा कंटाळून निघून गेला, तरी शांतता तशीच पसरते. म्हणून या पद्धतीवर पुष्कळजण रागावतात, आणि तो राग अगदीच अनाठायी नाही. नोंद मांडायला एखाद्याने अख्खी संध्याकाळ घालवलेली असते. उत्तर मात्र यंत्राचे येते! दुसऱ्या बाजूला, हजारो नोंदींच्या गर्दीत आजचा गंभीर दोष दिसेनासा होतो, हेही खरेच.

फायरफॉक्समधलाच एक दोष पाहा. चित्रावर किंवा दुव्यावर बाण नेला, की माहितीची छोटी चौकट उमटते. दुसऱ्या आज्ञावलीकडे गेल्यावरही ही चौकट कधीकधी पडद्यावर तशीच तरंगत राही. ही तक्रार २००२ साली नोंदली गेली. दोष दूर झाला २०२३ साली! नोंद २१ वर्षांची होती, पण खोटी नव्हती.

तुम्हालाही एक प्रयोग करता येईल. गुरुजींच्या परवानगीने प्रयोगशाळेची नोंदवही उघडा. ज्या नोंदींवर १५० दिवसांत कोणी काही लिहिले नाही, त्या वेगळ्या काढा. मग प्रत्येक उपकरणापाशी जाऊन ते चालते का, ते पाहा. बॉटने या सर्व नोंदी बंद केल्या असत्या. त्यांपैकी किती उपकरणे अजून नादुरुस्त आहेत?