पाकिटाची मागची बाजू

डब्यात पोळी-भाजी दिली की अर्धी परत येते आणि क्रीमची बिस्किटं दिली की डबा चाटूनपुसून रिकामा. घरोघरी याचा दोष मुलाच्या आवडीनिवडीला दिला जातो. खरं तर तो त्या पदार्थाच्या घडणीत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २० प्रौढांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं, ताजं अन्न दिलं गेलं. समोर मांडलेल्या जेवणात साखर, मीठ, स्निग्धांश, चोथा हे सगळं दोन्हीकडे जवळपास सारखं होतं आणि खायचं पोटाला हवं तेवढं. तरी पहिल्या प्रकारात माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, शिवाय भरभर खाऊन गेली. दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलोनं वाढलं. माणसं थोडी, मुदत लहान, तीही मोठी माणसं, हे आक्षेप रास्त आहेत. पण मऊ, फारसं चावावं न लागणारं अन्न पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच संपत असावं, आणि हे जास्तीचं खाणं ज्यांच्या बाबतीत दिसलं ती जाणती माणसं होती. आठ वर्षांच्या मुलाकडून अधिक संयमाची अपेक्षा कशी करायची?

त्यात साखरेचा हिशेब वेगळाच. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,७०० कॅलरी लागतात. वरून घातलेली साखर यातल्या ५ टक्क्यांच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. म्हणजे सुमारे २१ ग्रॅम, पाच चहाचे चमचे. क्रीम बिस्किटांत १०० ग्रॅमला ३५ ग्रॅमच्या आसपास साखर सहज असते, म्हणजे ६० ग्रॅमच्या पुड्यात दिवसाचा कोटा संपला. सीबीएसईनं २०२५ मध्ये शाळांना साखरेचे माहितीफलक लावायला सांगितलं, तेव्हा चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी १३ टक्के साखरेतून येतात, असं नमूद केलं होतं. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मात्र गहू, दूध, जीवनसत्त्वं यांची चित्रं असतात. वाचायची ती मागची बाजू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणून मैदा, साखर, पामतेल हे पहिले तीन असतील तर पुढचा ‘गहू’ नावापुरताच. इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज हीसुद्धा साखरच. सोडियमच्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ कळतं.

‘घरची चकली तरी कुठे पौष्टिक?’ हा प्रश्न चुकीचा नाही. रोज डब्यात चकली देणंही वाईटच. पण चकली सणाला होते आणि करायला दोन तास लागतात. पाकीट रोज मिळतं आणि क्षणात फुटतं, म्हणूनच ते जेवणाची जागा घेतं. पाकिटात आलेलं सगळं त्याज्य, असंही नाही. पिशवीतलं दूध किंवा भाजलेले शेंगदाणे यांवरही प्रक्रिया झालेली असते, पण मूळ पदार्थ तोच राहतो. सर्वांत खरा आक्षेप वेळेचा आहे. सकाळी सातच्या शाळेसाठी पहाटे उठून डबा करणाऱ्या आईला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. सारा भार तिच्या एकटीवर का?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत साखर, मीठ आणि स्निग्धांश जास्त असलेल्या पदार्थांच्या विक्रीला मनाई केली. घरून येणाऱ्या डब्याला तो नियम लागू नाही, लागू व्हावा असंही मी म्हणणार नाही. शाळेच्या हाती दुसरी गोष्ट आहे, ती मधली सुट्टी. दहा मिनिटांच्या सुट्टीत हात धुऊन, डबा उघडून, भाजी-पोळी चावून खाणं लहान मुलाला जमत नाही. मग आईही पटकन संपेल असंच काही देते. सुट्टी वीस-पंचवीस मिनिटांची होईपर्यंत शेंगदाण्याची चटणी लावून केलेली पोळीची सुरळी, रात्रीच्या पोळीची फोडणीची पोळी किंवा थालीपिठाचे तुकडे हातात धरून खाता येतात, आणि चावावेही लागतात.