टायरचे वय किलोमीटरात की वर्षांत?

1 जुलै 2023 रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले; परिवहन विभागाच्या तपासणीत त्यास पुरावा आढळला नाही. तरी लोकांना ते कारण चटकन पटले, कारण उन्हाळ्यात टायर फुटणे आपल्या अंगवळणीच पडले आहे.

घसारा वापराने होतो, तसा निव्वळ काळानेही होतो. रबराचा प्राणवायूशी संयोग होऊन ते ठिसूळ होते आणि उष्णतेने ही क्रिया वेग घेते. 2000 साली अमेरिकेत फायरस्टोनचे लक्षावधी टायर परत मागविले गेले, तेव्हा टेक्सास, फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना अशा उष्ण राज्यांतच अपघात अधिक आढळले. आपल्याकडे घाटाखालच्या मलकापूर-खामगाव भागात मे महिन्यात पारा 42 अंशांपलीकडे जातो.

सुटीत शेगावला जाण्यापुरती मोटार काढणारे आम्ही पगारदार मात्र नक्षी शाबूत म्हणजे टायर नवा, असे समजतो. वस्तुतः टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. अनेक मोटार-कारखानदार सहा वर्षांनी टायर बदलावयास सांगतात. हवा कमी असली की तो दबून अधिकच तापतो, आणि समृद्धीवर तर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे!

झिजलेल्या टायरांच्या गाड्या समृद्धीच्या प्रवेशद्वारावरूनच परत पाठविण्याची मोहीम 2023 मध्ये झाली, ती स्तुत्यच होय. तेथे हे चार आकडेही वाचले जावेत. आणि जुना टायर विकणाऱ्यास पावतीवर ते लिहून देण्याची सक्ती असावी.