अफवा कुणाच्या तोंडून थांबते?

२०१८च्या जून-जुलैत देशाच्या अनेक राज्यांत एकच भीती मोबाइलवरून फिरत होती: मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे. १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार भरला होता. एसटीतून उतरलेल्या पाच अनोळखी माणसांपैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि तेवढं निमित्त पुरलं. जमावानं पाचही जणांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. ही माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. त्या दिवसांत सगळ्यांत जास्त फिरलेला व्हिडिओ मूळचा कराचीतल्या एका जनजागृतीपर जाहिरातीचा होता. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात, इथपर्यंत तो दाखवला जाई. मूळ चित्रफितीत ते दोघं लगेच परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि मुलं किती सहज पळवली जाऊ शकतात हे सांगणारा फलक दाखवतात. नेमका तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता. मुलांच्या मृतदेहांची जी छायाचित्रं या अफवेला पुरावा म्हणून जोडली गेली, त्यांतली काही सीरियातल्या २०१३च्या रासायनिक हल्ल्यातली होती.

या घटनेनंतर ‘व्हॉट्सअ‍ॅपनं माणसं मारली’ असा एक निष्कर्ष निघाला आणि ‘अडाणी लोकांच्या हाती मोबाइल गेला की असंच होणार’ असा दुसरा. दोन्ही सोयीचे आहेत, कारण एकात दोष कंपनीच्या माथी जातो आणि दुसऱ्यात आपल्याहून कमी शिकलेल्यांच्या. गेल्या काही वर्षांत भारतातल्या डिजिटल वर्तनावर जे समाजशास्त्रीय संशोधन झालं, ते या दोन्ही उत्तरांवर समाधानी नाही. ते वाचताना पुन्हा पुन्हा दोन प्रश्न समोर येतात. अफवा पोहोचण्याआधी लोकांच्या मनात कुणाबद्दल काय होतं? आणि ती खोटी आहे हे त्यांना कोण सांगत होतं? माझ्या मते अफवेचा बंदोबस्त या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतो, मोबाइलमधल्या सोयी-गैरसोयींवर त्याहून बऱ्याच कमी प्रमाणात.

अफवेच्या मानसशास्त्राचा एक पायाभूत अभ्यास भारतातच झाला आहे, याची आपल्याकडे फारशी आठवण ठेवली जात नाही. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञानं गोळा केल्या आणि १९३५ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. ज्यांना धक्का जाणवला पण ज्यांची पडझड झाली नव्हती, अशा लोकांत याहून भयंकर संकट येणार असल्याच्या अफवा जोरात होत्या: महापूर येणार, वादळ येणार, पुन्हा धरणी हादरणार. पुढे दार्जिलिंगच्या दरडींनंतर दुर्गानंद सिन्हा यांनी तसाच अभ्यास केला. तिथे माणसं प्रत्यक्ष विध्वंसाच्या मधोमध होती आणि त्यांच्यात अशा अतिरंजित अफवा आढळल्या नाहीत. लिओन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला हा फरक खटकला. भीतीदायक गोष्टींवर लोक इतक्या उत्सुकतेनं विश्वास का ठेवतात, याचं उत्तर त्यानं असं दिलं की भीती आधीच मनात बसलेली असते आणि तिला साजेसं कारण माणूस शोधत असतो. अफवा ते कारण पुरवते. १९५७ साली त्यानं मांडलेल्या, आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या सिद्धान्ताच्या मुळाशी बिहारमधल्या या अफवा आहेत.

हे सूत्र राईनपाड्याला लावून पाहा. परक्या माणसाची, विशेषतः भटक्या भिक्षेकऱ्याची भीती मोबाइलनं निर्माण केलेली नाही. ‘रडू नकोस, गोसावी झोळीत घालून नेईल’ असं सांगून मुलांना गप्प करण्याची रीत घराघरांत होती. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. त्या जमाती १९५२ साली कागदोपत्री विमुक्त झाल्या, पण गावात चोरी झाली की आजही पहिला संशय माळावरच्या पालांवर जातो. डवरी गोसावी हे भटक्या जमातींच्या यादीतले आहेत, गुन्हेगार ठरवल्या गेलेल्यांच्या नव्हे, पण संतापलेला जमाव यादी पाहत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत फिरून लोकांशी बोलून २०१९ साली जो अहवाल दिला, त्याचं म्हणणं हेच आहे. असे संदेश पुढे पाठवणारे सगळेच भाबडे किंवा तंत्रज्ञानाबद्दल अडाणी नसतात. संदेशाच्या खरेपणापेक्षा तो आपल्या आधीच्या पूर्वग्रहाशी जुळतो की नाही, हे अनेकदा निर्णायक ठरतं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. अफवा पूर्वीही होत्या, पण इतक्या वेगानं धावत नव्हत्या, मग तंत्रज्ञान निर्दोष कसं? तंत्रज्ञान निर्दोष नाहीच. सोरूश वोसूघी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ ते २०१७ या काळातल्या ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. मात्र याच अभ्यासात एक गोष्ट आढळली, ती सहसा उद्धृत होत नाही. हा फरक यंत्रचलित खात्यांमुळे पडत नव्हता, खोटं पुढे ढकलत होती ती माणसंच. शिवाय वेग हे नव्या युगाचंच वैशिष्ट्य आहे असंही नाही. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर आणि परदेशातल्या देवळांपर्यंत पोहोचली, तेव्हा आपल्याकडे मोबाइल जवळजवळ नव्हतेच. साध्या टेलिफोननं ते काम केलं. त्याही आधी, १८९६च्या ऑक्टोबरात मुंबईत प्लेगच्या रुग्णांना इस्पितळात मारून टाकतात अशी कुजबुज गिरणगावात पसरली आणि सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. लोकांना घरातून जबरदस्तीनं उचलून नेणाऱ्या परक्या सरकारवर त्यांचा विश्वास नव्हता. तो संशय अनाठायी होता असं म्हणणं कठीण आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा होता.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२०च्या एप्रिलमध्ये, फार फिरलेले संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं आणि त्यामुळे अशा संदेशांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचा दावा केला. अशा मर्यादा हव्यातच. पण त्याच एप्रिलच्या १६ तारखेला, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक पोलिसांच्या देखत मारले गेले. मुलं पळवणाऱ्यांची अफवा त्या भागात आधीपासून होती आणि गावकरी रात्री पहारे देत होते. पाच ठिकाणांची मर्यादा लागू होऊन तेव्हा दीड वर्षाहून जास्त काळ लोटला होता. आणि या हत्येचा तपास चालू असतानाच, मारेकरी मुसलमान होते अशी दुसरी अफवा निघाली. ती ज्यांनी पसरवली त्यांना गडचिंचलेतल्या रात्रीच्या भीतीशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांचा संशय निराळ्या जातकुळीचा होता. अखेर राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली. तिच्यात एकही मुसलमान नव्हता.

मग उपाय काय? साक्षरता, असं उत्तर चटकन येतं. लोकांना खरं-खोटं पारखायला शिकवा. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये हे करून पाहिलं. १,२२४ जणांच्या या प्रयोगात काहींच्या घरी जाऊन सुमारे तासभर शिकवणी दिली: फोटो कसा तपासायचा, बातमीचा उगम कसा शोधायचा, फसवणूक कशी ओळखायची. नंतर तपासलं तेव्हा शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या लोकांत एकंदरीत फरक दिसला नाही. इतकंच नव्हे, केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाचे जे कट्टर समर्थक होते, त्यांची आपल्या बाजूच्या खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता शिकवणीनंतर उलट घसरली. एक अनोळखी माणूस घरी येतो, तासभर सांगतो आणि निघून जातो. ज्या समजुती वर्षानुवर्षं आपल्या माणसांत बसून घट्ट झाल्या, त्या अशानं हलत नाहीत.

याच संशोधिकेनं सिमॉन शोशार यांच्यासोबत केलेला दुसरा प्रयोग मला या सगळ्या अभ्यासांत सर्वांत मोलाचा वाटतो. सुमारे ५,१०० भारतीयांना व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संभाषणांचे नमुने दाखवले. एकानं काही खोटं पाठवलं आहे आणि ग्रुपमधलाच दुसरा कुणी ‘हे खरं नाही’ म्हणतो आहे. केवळ एवढ्यानं लोकांचा त्या खोट्यावरचा विश्वास लक्षणीयरीत्या उतरला. धर्म आणि पक्ष यांच्याशी जोडलेल्या समजुतींच्या बाबतीतही हा परिणाम टिकला. आणखी आश्चर्य म्हणजे म्हणण्याला आधार किंवा दुवा जोडल्यानं मोजक्याच उदाहरणांत जास्तीचा फायदा दिसला. लांबलचक खंडनाची फारशी गरज नव्हती, बरोबरीच्या माणसानं बोलणं पुरेसं होतं.

पडद्यावरच्या नमुन्यावर शांतपणे टिचकी मारणं वेगळं आणि पेटलेल्या जमावापुढे बोलणं वेगळं, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर २०१८च्याच घटनांमध्ये आहे, आणि ते दुहेरी आहे. २८ जूनला त्रिपुरात सरकारच्या माहिती खात्यानं नेमलेला एक तरुण गाडीतून ध्वनिक्षेपकावर सांगत होता, मुलं पळवण्याच्या बातम्या खोट्या आहेत. बाजारात जमावानं त्यालाच मारून टाकलं. त्याचा मजकूर खरा होता, त्यामागे सरकारचा शिक्का होता. पण तो त्या गावचा नव्हता आणि अफवा परक्या माणसाबद्दलचीच होती. आता तेलंगणातल्या जोगुलांबा गदवाल आणि वनपर्ती या जिल्ह्यांकडे पाहा. तिथल्या तेव्हाच्या पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी चारशेहून जास्त गावांत एकेक पोलीस नेमून दिला होता. तो नेमानं गावात जाई, घराघरांत ओळखीचा होई, स्थानिक ग्रुपांमध्ये सामील असे. अफवांच्या व्हिडिओंची बातमी त्याच्याकडून वेळेत कळली. मग पोलिसांनी तेलुगू लोकगायक आणि डफवाले बरोबर घेऊन गावोगाव गाण्यांतून खरी गोष्ट सांगितली. त्या लाटेत या दोन जिल्ह्यांत एकही बळी गेला नाही. राईनपाड्याच्याच दिवशी मालेगावातही मोठ्या जमावानं भिक्षा मागणाऱ्या एका कुटुंबाला घेरलं होतं, त्यांच्यात दोन वर्षांचं मूल होतं. त्याच वस्तीत राहणाऱ्या एका माणसानं त्यांना आपल्या घरात घेतलं आणि पोलीस येईपर्यंत दार लावून ठेवलं. ते सगळे वाचले.

म्हणजे शिक्षणाचा उपयोगच नाही का? आहे, आणि तासाभराच्या शिकवणीवरून शिक्षणाबद्दल निराश होणं चूक ठरेल, हेही बिहारनंच दाखवून दिलं. बद्रीनाथन, शोशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्य सरकारच्या यंत्रणेबरोबर ५८३ गावांतल्या १३,५०० हून अधिक शाळकरी मुलांसोबत नवा प्रयोग केला. यातल्या निम्म्या गावांत मुलांचे काही आठवड्यांच्या अंतरानं चार वर्ग घेतले गेले. गावच्या ग्रंथालयात, सवंगड्यांसोबत, दर वेळी त्याच शिक्षकाकडून. मुलांची पारख सुधारली, ती महिन्यांनंतरही टिकली आणि त्यांच्या आई-वडिलांमध्येही सुधारणा दिसली. आई-वडिलांना कुणी शिकवलं नव्हतं. मुलानं घरी सांगितलं, एवढंच झालं. केरळात कन्नूर जिल्ह्यानं त्याआधीच शाळांमधून असे वर्ग सुरू केले होते. महाराष्ट्रात ग्रामीण ग्रंथालयांचं जाळं आहे, बचत गट आहेत, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचा शाळांमधला दीर्घ अनुभव आहे. सर्वोच्च न्यायालयानं १७ जुलै २०१८च्या निकालात जमावबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं. असा अधिकारी हवाच, पण तो गावात ओळखीचा नसेल तर त्याच्या पत्रकाचं वजन त्रिपुरातल्या त्या ध्वनिक्षेपकाइतकंच राहील.

एक अडचण उरते आणि ती खरी आहे. घरच्या ग्रुपवर काकांनी किंवा सासऱ्यांनी काही पाठवलं तर धाकट्यानं ‘हे खोटं आहे’ म्हणायचं कसं? नात्यात वितुष्ट येतं, ‘फार शहाणा झालास’ ऐकावं लागतं, म्हणून बहुतेक जण गप्प बसतात. पण त्या गप्प बसण्याला ग्रुपवर संमतीच समजलं जातं, आणि तिची किंमत मोजतो तो ग्रुपमध्ये नसलेला माणूस: डवरी गोसावी, साधू, वाट चुकलेला प्रवासी. चारचौघांत खोडून काढणं जड जात असेल तर काकांना फोन करा आणि त्यांनाच तो संदेश मागे घ्यायला सांगा. ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर तुमच्यावर जबाबदारी जास्त आहे. दुवा शोधत बसू नका, मोठं स्पष्टीकरण लिहू नका. ‘ही बातमी खरी नाही, कृपया पुढे पाठवू नका’ एवढं आपल्या नावानं लिहा, आणि त्याच दिवशी लिहा.