नाट्यसंगीत : नाव तेच, गाणे निराळे



'नाट्यसंगीत' हा शब्द आपल्या इतका तोंडवळणी पडला आहे की, त्याचा अर्थ कोणी विचारलाच तर आपण क्षणभर गोंधळतो. नाटकात गायिले जाते ते नाट्यसंगीत, हे उत्तर सोपे आहे. परंतु ते फार वेळ टिकत नाही. आज ही पदे ज्यांना मुखोद्गत आहेत, त्यांतील बहुतेकांनी ती रंगभूमीवर ऐकलेलीच नाहीत. ती त्यांनी मैफलीत ऐकली, ध्वनिमुद्रिकेवर ऐकली, घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली. उलटपक्षी, नाटकात गायिलेले प्रत्येक गाणे या नावाला पात्र ठरते असेही नाही. तमाशातील वगाच्या लावणीला कोणी नाट्यसंगीत म्हणत नाही. आमच्या गोव्याकडील तियात्रातल्या कांतारांना तर नाहीच नाही. मग हे नाव नेमके कशाचे आहे?

याचा छडा लावायचा तर थोडे मागे गेले पाहिजे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा पदे म्हणण्याचे काम सूत्रधाराकडे असे. पात्रे अभिनय व भाषण करीत. ही व्यवस्था मोडली ती अण्णासाहेब किर्लोस्करांनी. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा हा माणूस. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि पात्रे आपली पदे आपणच म्हणू लागली. पुढे १८८२ मध्ये 'सौभद्र' आले. शंभराहून अधिक पदे असलेली ही नाटके आज वाचताना एक गोष्ट ध्यानात येते : ही पदे बहुधा आटोपशीर आहेत. संभाषण जिथे गद्यात अडखळेल तिथे ती येतात, अर्थ सांगतात आणि बाजूला होतात. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशी कीर्तनातून व आख्यानातून कानावर पडलेली वृत्ते. काही चाली लावणीच्या, काही कानडी पदांच्या. त्या वेळच्या प्रेक्षकाला हे सारे ओळखीचे होते. नवे होते ते एवढेच की, आता शकुंतला स्वतः गात होती.

एवढ्यावर थांबले असते तर नावाचा प्रश्न उद्भवलाच नसता. पण १८९६ साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'वीरतनय' आले आणि त्याबरोबर पारशी-उर्दू रंगभूमीवरील चाली मराठी पदांत शिरल्या. दिंडी-साकीवर वाढलेल्या कानांना या उडत्या चाली परक्या वाटल्या असल्यास नवल नाही. तथापि थोड्याच वर्षांत त्याही आपल्या झाल्या. १९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. टेंब्यांच्या कानांत पूरब अंगाची ठुमरी आणि दादरा घर करून होते. ग्वाल्हेरचे भैयासाहेब गणपतराव आणि मौजुद्दीन खाँ यांच्या गाण्याने ते भारावलेले होते. तो काशी-लखनौचा रंग त्यांनी धैर्यधर-भामिनीच्या मुखी घातला. पाच वर्षांनी, १९१६ मध्ये, 'स्वयंवरा'च्या चाली भास्करबुवा बखले यांनी दिल्या. बुवांना ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही परंपरांची तालीम होती. त्यांनी रागदारीतील चिजाच रुक्मिणीच्या पदांखाली ठेवल्या. आणि १९१९ साली बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तील पदांच्या चाली सुंदराबाई या गायिकेकडून आल्या, त्यांत गझल-कजरीचा सुगंध होता.

म्हणजे १८८० ते १९१९ या एकोणचाळीस वर्षांत एकाच नावाखाली कीर्तन, लावणी, कानडी पद, पारशी रंगभूमीची चाल, ठुमरी, ख्याल आणि गझल इतके पाहुणे येऊन राहिले. प्रत्येक जण प्रथम पाहुणा होता, नंतर घरचा झाला.

बदल केवळ चालींचा नव्हता. बालगंधर्वांच्या काळी पदाचे कामच बदलले. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँसारखा वादक आणि समोर 'वन्स मोअर'चा गजर करणारे प्रेक्षागृह असल्यावर पद आटोपशीर राहील कसे? ज्या पदाने किर्लोस्करांच्या वेळी संवाद पुढे ढकलला, तेच पद आता संवाद थांबवून मैफल मांडू लागले. यामुळे नाटकाची हानी झाली असे म्हणणारे टीकाकार तेव्हाही होते आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते, असे माझेही मत आहे. परंतु आज आपण 'सौभद्रा'तील पदाची 'अस्सल चाल' म्हणून जी डोळे मिटून ऐकतो, ती पुष्कळदा या दुसऱ्या काळातील असते. १८८२ सालचे गाणे कसे होते हे आपल्यापैकी कोणाच्याही कानांना ठाऊक नाही.

ऑर्गनचीच गोष्ट घ्या. मी हे वाद्य लहानपणी प्रथम ऐकले ते चर्चमध्ये, प्रार्थनागीतांच्या साथीला. पुढे बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना तोच भरदार स्वर कानी आला आणि मोठी गंमत वाटली. पायाने भाता हलवून वाजवायचे हे पाश्चात्त्य वाद्य मराठी रंगभूमीने असे काही आपलेसे केले की, त्याचे दोन स्वर वाजताच मराठी माणसाला पडदा वर जाताना दिसू लागतो. त्याची धाकटी बहीण जी हातपेटी, तिला मात्र १९४० साली नभोवाणीने आपल्या दाराबाहेर काढले. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप होता. ही बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. कलावंतांनी तोवर पेटी टाकली नाही. दाराबाहेर ती वाजतच राहिली.

१९३१-३२ पासून बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांचे संसार उधळले. 'मानापमान'कार गोविंदराव टेंबेच १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या प्रभातच्या बोलपटाचे संगीतकार आणि नायक झाले, यावरून वारा कोणत्या दिशेने वाहत होता हे कळेल. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केले. त्यात गाणी मोजकीच, प्रसंगापुरती. संगीत केशवराव भोळे यांचे आणि गाणाऱ्या ज्योत्स्ना भोळे, मूळच्या गोव्याच्या. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी आणि तिने हळुवारपणे, बोलल्यासारखे गावे, ही वाट येथे मोकळी झाली. तानांच्या भेंडोळ्यांना सरावलेल्या श्रोत्याला हे नाट्यसंगीत वाटेना, भावगीत वाटे. पुढे तेही नाट्यसंगीतात जमा झाले.

आणखी तीस वर्षांनी पुन्हा तेच. १९६४ साली वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा'ला जितेंद्र अभिषेकी यांनी चाली दिल्या. मंगेशीच्या देवळात कीर्तन करणाऱ्या वडिलांचा हा मुलगा, रागदारीत मुरलेला. पण त्यांनी पदाचा पसारा हेतुपुरस्सर आवरला. चार-पाच मिनिटांत भाव उभा करून गाणे संपते आणि नाटक पुढे चालू लागते. रामदास कामत व आशालता यांच्या कंठातून ती पदे घरोघरी गेली. मला येथे एक विलक्षण योग दिसतो : सर्वांना अत्यंत आधुनिक वाटलेले अभिषेकी, पदाच्या आटोपशीरपणापुरते का होईना, किर्लोस्करांच्या अधिक जवळ होते.

आता नावाकडे वळू. इतके बदलूनही नाव एकच कसे राहिले? माझ्या मते त्याचे कारण असे की, हे नाव गाण्याचे वर्णन कधी करीतच नव्हते. ते गाण्यासाठी जागा राखून ठेवीत होते. मंडळ्या बुडाल्या तेव्हा ही पदे निराधार झाली. ख्याल म्हणावे तर ती ख्याल नव्हेत, चित्रपटगीत म्हणावे तर तेही नव्हेत. अशा वेळी ध्वनिमुद्रिकांच्या सूचीत 'नाट्यसंगीत' हे एक सदर होते, नभोवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या नावाचा एक वेळ होता, मैफलीत भैरवीपूर्वी एक पद म्हणण्याचा रिवाज होता. त्या एका शब्दाच्या आडोशाला शेकडो पदे जगली. नावात काय आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण जी भिंत आडोसा देते, ती वाटही अडवते. १९५२ साली आकाशवाणीने कलावंतांसाठी ध्वनिचाचणीची पद्धत सुरू केली. आचार्य रातंजनकर तिच्या प्रमुखपदी होते आणि अनेक नामांकित गवयांनी तिच्याविरुद्ध आवाज उठविला. तेव्हापासून कोणता गायक कोणत्या वर्गात बसतो यावर त्याची मिळकत आणि मानही ठरू लागला. हे मोठ्यांचे झाले. लहानांचे पाहा. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एका मुलीचे नाव आम्ही एका गायनस्पर्धेस पाठविले. तिने बसविलेले गाणे २०१५ सालच्या 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटातील होते. मूळ नाटक १९६७ चे, संगीत अभिषेकींचे. चित्रपटात त्यातील काही पदे ठेवून शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी भरली. मुलीचे गाणे या नव्यांपैकी होते. नाट्यगीत विभागाने सांगितले, हे नाटकात नाही. सुगम विभागाने सांगितले, चित्रपटगीते चालणार नाहीत. बिचारी तयारी करून घरी बसली. तेच तिने त्याच चित्रपटातील जुने पद निवडले असते, तर आदराने घेतले असते. ज्या नाटकाचा विषयच दोन घराण्यांच्या आडमुठ्या सीमारेषा हा आहे, त्याच्या बाबतीत हे घडावे, याचे मला आजही हसू येते आणि वाईटही वाटते.

परीक्षकांना मी दोष देत नाही. स्पर्धा म्हटली की विभाग आलेच. शाळेत आम्हीही इयत्ता पाडतोच. प्रश्न एवढाच की, नियम करताना विचारायचे काय? 'हे कोणत्या नावाचे आहे' असे विचारले की भांडणे होतात. 'हे गायिला काय लागते' असे विचारले तर उत्तर मिळू शकते : पल्ला किती, ताना आहेत की नाहीत, शब्द किती स्पष्ट हवेत. गाण्याच्या मास्तरांना ही उत्तरे तोंडपाठ असतात.

आणखी एक बाब या नावाआड झाकली जाते, ती म्हणजे ऋण. 'नाट्यसंगीत हे मराठी मनाचे खास लेणे' असे आपण अभिमानाने म्हणतो. ते खोटे नाही. पण त्या लेण्यातील सोने कर्नाटकातून आले, काशीहून आले, पारशी नाटकवाल्यांकडून आले आणि फार मोठ्या प्रमाणावर ते व्यावसायिक गायिकांच्या बैठकांतून आले. त्या काळी या गायिकांना सभ्य रंगभूमीवर पाऊल टाकता येत नव्हते, त्यांच्या चाली मात्र स्त्रीवेष घेतलेल्या पुरुषांच्या कंठातून वाहवा मिळवीत होत्या. नभोवाणीवर पद लागते तेव्हा निवेदक नाटकाचे नाव सांगतो, गायकाचे सांगतो, क्वचित नाटककाराचे सांगतो. 'एकच प्याला'च्या बाबतीत आपण गडकऱ्यांचे नाव हटकून ऐकतो. त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली आणि चाली सुंदराबाईंच्या, ही दोन नावे कानी पडणे दुर्मिळच. निवेदनात त्यासाठी फार तर दहा सेकंद अधिक लागतील.