धावपट्टीच्या दिव्यांची ऐंशी वर्षे

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई तळांवर रात्री विमान उतरवायचे तर धावपट्टीलगत रॉकेलचे दिवे मांडत. झारीसारखे भांडे आणि तोंडात जाड वात. जमीन कुठे आहे ते वैमानिकाला त्यावरून कळे. आपले पंख सरळ आहेत की कललेले, हे कळणे अवघड जाई.

हा प्रश्न फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातील एडवर्ड स्पेन्सर कॅलव्हर्ट यांनी सोडवला. धावपट्टीच्या अलीकडे ९०० मीटर दिव्यांची सरळ रांग आणि दर १५० मीटरवर तिला छेदणारी आडवी ओळ. ढगांतून बाहेर येताच या आडव्या ओळी क्षितिजाचे काम करत. १९४८-४९ मध्ये बर्लिनला विमानांनी रसद पोहोचवताना ही मांडणी कसोटीला उतरली.

रंगही ठरत गेले. धावपट्टी सुरू होते तिथे हिरवे, संपते तिथे लाल, कडेला पांढरे. टॅक्सीवेच्या, म्हणजे विमान धावपट्टीकडे ने-आण करायच्या वाटेच्या, कडेला निळे, त्याच्या मध्यरेषेवर हिरवे. मोठ्या धावपट्टीच्या मध्यरेषेवरचे पांढरे दिवे शेवटच्या ९०० मीटरपासून एकाआड एक लाल होतात आणि अखेरच्या ३०० मीटरमध्ये सगळेच लाल.

१९७० च्या दशकात ब्रिटनमध्येच ‘पापी’ आले: धावपट्टीच्या बाजूला एका रांगेत चार पेट्या. प्रत्येकीतून वर पांढरा, खाली लाल झोत. पेट्यांच्या कोनांत मात्र अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याचा फरक. दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतार बरोबर. चारही लाल दिसले, तर विमान फारच खाली आले आहे.

पण नुसता रंग पुरत नाही. ३१ ऑक्टोबर २००० च्या वादळी रात्री तैपेईत सिंगापूर एअरलाइन्सचे विमान कामासाठी बंद असलेल्या धावपट्टीवर वळले आणि तिथल्या बांधकाम यंत्रांवर आदळले. ८३ जण गेले. त्या वळणावर हिरवे दिवे दाट होते. योग्य धावपट्टीकडे जाणारे मोजके, लांब-लांब; त्यांतला एक बंद, एक मिणमिणता.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडावर तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीवर उभे असताना जपान एअरलाइन्सचे विमान त्याच्यावर उतरले. मोठ्या विमानातले सर्व ३७९ जण वाचले, तटरक्षक दलाचे पाच जण गेले. धावपट्टीच्या तोंडाशी थांबवणारे लाल दिवे, म्हणजे स्टॉप बार, तेव्हा देखभालीसाठी बंद होते. चालू असते, तरी तिथल्या नियमानुसार ते कमी दृश्यमानतेतच लावत. त्या संध्याकाळी हवा स्वच्छ होती. स्टॉप बार हवा कशीही असो, चोवीस तास पेटता हवा.