एका अंशाची चूक

धावत येणाऱ्या गोलंदाजाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना बेसबॉलचा पिचर आधी कोड्यात टाकतो. एक पाय माउंड नावाच्या उंचवट्यावरच्या रबरी पट्टीला टेकवून तो उभा असतो, आणि तिथूनच ताशी 150 किलोमीटरच्या आसपास वेगाने चेंडू सोडतो. एवढा वेग आणतो कुठून?

पायाखालच्या जमिनीतून! मागचा पाय जमीन रेटतो, पुढचा टेकतो, कंबर बॅटरकडे वळते; छाती मात्र क्षणभर मागे राहते. तेवढ्यात धड ओल्या कपड्यासारखं पिळलं जातं. मग पीळ उलगडत खांदा, कोपर, मनगट, बोटं असा वेग चढत जातो. खांद्यात दंड फिरतो तो सेकंदाला सुमारे 7000 अंशांच्या वेगाने, म्हणजे जवळजवळ वीस फेऱ्यांच्या गतीने.

आता खांदा कंबरेबरोबरच वळला तर? पीळ पडतच नाही. हात मागे रेंगाळतो, चेंडू वर निसटतो, आणि कमी पडलेला वेग एकट्या हाताला भरून काढावा लागतो. त्याची किंमत मोजतो कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध. 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातली कंडरा काढून तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवली. ती शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

नेम तर त्याहून नाजूक. चेंडू हातातून सुटतो तिथून बॅटरजवळची होम प्लेट साधारण 17 मीटरवर. सुटताना दिशा एका अंशाने चुकली, तर तिथे पोचेपर्यंत तो जवळजवळ 30 सेंटिमीटर भरकटतो. प्लेटची रुंदीच 43 सेंटिमीटर, म्हणजे मधोमध नेम धरलेला चेंडू बाहेर!

मला यात सगळ्यांत विलक्षण वाटते ती रॉय हॅलडे या पिचरची गोष्ट. 2000 साली टोरोंटो ब्लू जेजकडून खेळताना त्याने नऊ इनिंगमागे सरासरी 10.64 धावा दिल्या. एका मोसमात किमान 50 इनिंग टाकणाऱ्या कुणाही पिचरची इतकी वाईट सरासरी तोवर झाली नव्हती. ताकद भरपूर होती, पण हात डोक्यावरून सरळ खाली यायचा आणि चेंडूही सरळच जायचा. बॅटरना तो सोपा झाला होता. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला त्याला फ्लोरिडातल्या डनीडिनच्या कनिष्ठ संघात पाठवलं गेलं. मग मेल क्वीन या प्रशिक्षकाने त्याची फेक मुळापासून बदलली. हात थोडा खाली, बाजूला आणला. चेंडूच्या गिरकीचा आस कलला, आणि तोच चेंडू प्लेटजवळ येऊन वळू लागला, बुडू लागला.

2003 साली हॅलडेला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. आणि 29 मे 2010 रोजी, त्याच फ्लोरिडात, आता फिलाडेल्फिया फिलीजकडून खेळताना, त्याने समोर आलेले 27 च्या 27 बॅटर ओळीने बाद केले. एकही पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही.