लेडी बी गुड
दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेचे बी-२४ डी लिबरेटर जातीचे बाँबफेकी विमान. बेपत्ता विमानांच्या शोधाच्या इतिहासात ते विशेष प्रसिद्ध आहे. ४ एप्रिल १९४३ रोजी लिबियातील सोलुक तळावरून ते इटलीतील नेपल्सवरील हल्ल्यासाठी निघाले व परत आले नाही. त्यातील नऊ जणांची ही पहिलीच युद्धमोहीम होती. विमान भूमध्य समुद्रात बुडाले असावे, असा समज झाला.

१९५८ मध्ये तेलसंशोधकांना त्याचे अवशेष तळापासून सु. ७०० किमी. आत, वाळवंटात आढळले. १९५९ मध्ये विमानावरील क्रमांक व आतील वस्तू यांवरून त्याची ओळख पटली. आत एकही मृतदेह अथवा हवाई छत्री नव्हती. रात्री तळ ओलांडून विमान दक्षिणेकडे गेले होते आणि इंधन संपत आल्यावर सर्वांनी उड्या घेतल्या होत्या.

१९६० मध्ये आठ जणांचे अवशेष सापडले. एकाची हवाई छत्री नीट उघडली नव्हती. उरलेले आठ जण उत्तरेच्या रोखाने चालत राहिल्याचे सहवैमानिक रॉबर्ट टोनर याच्या दैनंदिनीवरून कळले. प्रत्येकाला दिवसाला केवळ बुचभर पाणी मिळे. बरेच अंतर चालून पाच जण थांबले, तर तिघे मदतीच्या शोधात पुढे गेले. दैनंदिनीतील अखेरची नोंद १२ एप्रिलची आहे. नवव्याचे अवशेष अधिकृत रीत्या मिळालेले नाहीत.

विमानाचे काही भाग ओहायओ राज्यातील अमेरिकेच्या राष्ट्रीय हवाई दल संग्रहालयात जतन केले असून उर्वरित सांगाडा १९९४ मध्ये लिबियातच टोब्रुककडे हलविण्यात आला.